राजाचा 'फ्वे', बाजाराचा 'फ्वा'

१४ ऑक्टोबर १६७० रोजी शाँबोरच्या राजवाड्यात चौदाव्या लुईपुढे मोलिएरच्या एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकाचा नायक झुर्दँ हा कापडाच्या धंद्यावर श्रीमंत झालेल्या बापाचा मुलगा. त्याला उमराव व्हायचंय. त्यासाठी त्याने गाण्याचा, नाचाचा, तलवारबाजीचा आणि तत्त्वज्ञानाचा असे मास्तर पगारावर ठेवलेत. तत्त्वज्ञानाचा मास्तर तत्त्वज्ञान बाजूला सारून त्याला मुळाक्षरांचे उच्चार शिकवतो, आणि जन्मभर जे बोलत आलो तेच आता शास्त्रोक्त बोलता येतंय म्हणून झुर्दँ हरखून जातो. विनोद तिथेच आहे. पण त्या धड्यातला 'र' मराठी वाचकाने जरा थांबून पाहावा. जिभेचं टोक वर टाळूकडे न्यायचं आणि श्वासाच्या जोराने ते थरथरू द्यायचं, असं मास्तर सांगतो. म्हणजे 'भाकरी'तला आपला 'र'. पॅरिसचा म्हणून आज जो ओळखला जातो तो घशातला घरघरता 'र' बहुतेक ठिकाणी रुळला तो त्यानंतर.

हे आठवायचं कारण असं की, हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात सातारा-सांगलीकडून आलेला मुलगा 'क्रेम ब्र्युले' म्हणतो तेव्हा त्याचा 'र' गावठी ठरतो, आणि मग तो सत्रभर तोंड उघडत नाही. सूर्यराजा लुईच्या दरबारात खपून गेला असता असा तो 'र' आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. फ्रेंच पाकशास्त्रातले शब्द नीट बोलायला शिकणं उपयोगाचं आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण 'नीट' म्हणजे काय हे साडेतीनशे वर्षांत अनेकदा बदललं, आणि ते ठरवणारे बहुधा खुर्चीवर बसलेले होते, चुलीपाशी उभे असलेले नव्हते.

याचा सर्वांत मोठा पुरावा फ्रेंच मुदपाकखान्यातल्या रोजच्या शब्दांत सापडतो. यकृताला 'फ्वा', मिऱ्याला 'प्वाव्र', वाटाण्याला 'प्वा', माशाला 'प्वासों'. लिहिताना या सगळ्यांत 'ओ-आय' ही अक्षरजोडी येते आणि तिचा उच्चार 'वा' करायचा, हे पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलं जातं. अठराव्या शतकातला दरबारी माणूस मात्र हीच जोडी 'वे' अशी बोलायचा. 'वा' हा पॅरिसच्या सामान्य लोकांचा, बाजारहाट करणाऱ्यांचा उच्चार. सभ्य माणसाने टाळावा असा. १७८९ची क्रांती झाली, १७९३मध्ये राजाचं डोकं उडालं, आणि पुढच्या काळात 'वे'चा रुबाबही ओसरला. क्रांतीच्या कितीतरी आधी समुद्रापार क्वेबेकमध्ये गेलेल्या फ्रेंचांच्या गावरान बोलीत मात्र तो टिकून राहिला. आज कोणी 'फ्वे ग्रा' मागितलं तर पॅरिसचा वाढपी भुवई उंचावेल. दोन-अडीच शतकांपूर्वी राजवाड्यात 'फ्वा' म्हणणाऱ्याकडे पाहून ती उंचावली असती.

पण पदार्थाचं नाव चार लोकांत उच्चारून दाखवायची वेळ जेवणाऱ्यावर मुळात आली कधी? जुन्या फ्रेंच उमरावी मेजवानीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम मांडले जायचे, ठरलेल्या जागी, दोन्ही बाजूंनी सारखे. हाताला येईल ते घ्यायचं. लांबचं असेल तर नोकराला खुणावायचं किंवा सोडून द्यायचं. आपल्या पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबिरीच्या जागा पानावर ठरलेल्या असतात आणि जेवणाऱ्याला 'वाढा' आणि 'पुरे' एवढंच बोलावं लागतं, तसाच तो कारभार. एकोणिसाव्या शतकात तिथे रशियन पद्धत शिरली. १८१०च्या सुमारास पॅरिसमधला रशियन राजदूत कुराकिन याने ती आणली असं मानतात. या पद्धतीत पदार्थ आतच कापून, एकामागून एक पुढे येतात. मग पुढे काय येणार हे जेवणाऱ्याला दिसेनासं झालं, म्हणून प्रत्येकासमोर मेन्यू कार्ड आलं.

त्याआधीच पॅरिसमध्ये रेस्तोराँ निघाली होती. क्रांतीत मालक गमावलेल्या आचाऱ्यांनी ती काढली, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. प्रत्यक्षात पहिली रेस्तोराँ १७६०च्या दशकातली, क्रांतीच्या वीसेक वर्षं आधीची. तिथे अनोळखी माणसासमोर यादी वाचून नाव मोठ्याने सांगावं लागे. उच्चाराची भीती या कार्डाबरोबर जन्मली असं मला वाटतं. बोट दाखवून भागत होतं तोवर जिभेची परीक्षा नव्हती.

ही भीती इंग्रजांनी जितकी जोपासली तितकी कोणीच नाही. ला वारेन या आचाऱ्याचं फ्रेंच पाकशास्त्राचं पुस्तक १६५१मध्ये निघालं आणि दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये आलं. १७४७मध्ये हॅना ग्लास या बाईंनी आपल्या लोकप्रिय पाकपुस्तकात फ्रेंच आचाऱ्यांवर आणि त्यांच्या उधळपट्टीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं, आणि त्याच पुस्तकात फ्रेंच पदार्थही दिले. लंडनच्या श्रीमंतांनी ग्लासबाईंचं ऐकलं नाहीच. नेपोलियनशी लढाई संपून वर्ष उलटतं न उलटतं तोच, १८१६मध्ये, इंग्लंडच्या युवराजाने आंतोनँ कारेम या पॅरिसच्या आचाऱ्याला नोकरीला ठेवलं. रणांगणावर हरलेला देश शत्रूच्या मुदपाकखान्यात जिंकून बसला. बकिंगहॅम राजवाड्यातल्या शाही मेजवान्यांचे मेन्यू पुढे दीर्घकाळ फ्रेंचमध्ये छापले जात.

या साम्राज्याला शिस्त लावली ती ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने. १८९०मध्ये तो हॉटेलवाल्या सेझार रिट्झबरोबर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला, पुढे कार्लटनमध्ये गेला, आणि एकूण तीसेक वर्षं लंडनमध्ये काढूनही त्याने इंग्रजी शिकायचं टाळलं. इंग्रजी आलं तर इंग्रजांसारखा स्वयंपाक करायला लागेन, असं तो म्हणायचा अशी आख्यायिका आहे. भटारखान्यात त्याने पलटणीसारखी उतरंड बसवली. सॉस पाहणारा 'सोसिए', थंड पदार्थांचा 'गार्द-माँझे', सगळ्यांत खाली 'कोमी'. बाहेरून आलेली ऑर्डर मोठ्याने पुकारणाऱ्याला फ्रेंच भटारखान्यांत नाव होतं 'आब्वायर', म्हणजे शब्दशः भुंकणारा. अशा भटारखान्यात उच्चाराला फार किंमत होती, पण ती प्रतिष्ठेची नव्हती. वाफ, भांड्यांचा खणखणाट आणि शेगड्यांचा धडधडाट यातून पुकारलेला शब्द पलीकडच्या कोपऱ्यात चुकीचा ऐकू आला तर पदार्थ चुकायचा. जेवणघरातला उच्चार आणि भटारखान्यातला उच्चार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते, आणि शिकवताना भर नेमका पहिल्यावर दिला जातो.

एस्कोफिएचा पाच हजारांवर कृती असलेला 'गिद क्युलिनेर' १९०३मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. फ्रेंच शब्द मात्र हिंदुस्थानात त्याच्या आधीच पोचले होते, तेही साहेबाच्या तोंडून. मद्रासच्या फौजेतला केनी-हर्बर्ट नावाचा अधिकारी 'वायव्हर्न' या टोपणनावाने पाककलेवर लिहायचा. त्याचं १८७८चं पुस्तक हिंदुस्थानातल्या मडमांना फ्रेंच धर्तीचं जेवण घरच्या आचाऱ्याकडून कसं करवून घ्यावं हे शिकवतं. त्या आचाऱ्याला तो सरसकट 'रामासामी' म्हणतो. म्हणजे पॅरिसचा शब्द लंडनला गेला, तिथून मडमेच्या तोंडात आला आणि तिच्या मोडक्यातोडक्या देशी भाषेतून रामासामीच्या कानावर पडला. फासळीवरच्या मांसाची 'कोतलेत' आगगाडीत बटाट्याचं कटलेट झाली ती अशाच वळणांनी. मला त्यात बिघडलेलं काही दिसत नाही. कटलेट आता आपलं आहे आणि त्याचा मराठी उच्चार 'कटलेट' हाच बरोबर.

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत आणि गोऱ्यांच्या आगबोटींवर हे जेवण रांधणाऱ्यांत गोव्याची माणसं पुष्कळ होती. ताजमध्ये नावारूपाला आलेले मिगेल आर्कांजो मास्कारेन्हास ऊर्फ मास्की हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. गोवेकरांना फ्रेंच जेवण जमलं याची कारणं बरीच सांगता येतील, पण त्यांच्या भाषेकडे सहसा कोणी पाहत नाही. कोकणीत नाकातले स्वर जिवंत आहेत आणि पोर्तुगीजमध्येही आहेत. इंग्रजाला 'रेस्तोराँ'मधला शेवटचा 'आँ' काढताना जी कसरत करावी लागते, ती 'हांव' म्हणत मोठं झालेल्या माणसाला करावी लागत नाही.

१९५४मध्ये लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने मुंबईत केटरिंगचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली. आज दादरला असलेली ती हीच. तिच्या प्राचार्य थंगम फिलिप यांचं १९६५चं इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरच्या वर्गांत वापरलं गेलं. घराण्यातून, जहाजातून, हाताखाली राबून मिळणारी विद्या आता पुस्तकातून मिळू लागली, आणि इथे एक गंमत झाली. कानाने शिकणारा गोवेकर आचारी ऐकलं तसं बोलायचा. पुस्तकातून शिकणाऱ्या मुलाला फ्रेंच शब्द रोमन अक्षरांत दिसला आणि त्याने तो इंग्रजीसारखा वाचला. चिरलेल्या भाज्यांच्या 'मीरप्वा'चं 'मायरपॉइक्स' झालं, बारीक चौकोनी कापाच्या 'ब्र्युन्वाझ'चं 'ब्रुनॉइज'. हॉटेलांनी यावर आपला उपाय काढला. विभाग सांभाळणाऱ्या 'शेफ द पार्ती'चं सरळ 'सीडीपी' केलं, त्याच्या खालच्याचं 'डीसीडीपी'. 'कोमी' तेवढा 'कॉमी वन, कॉमी टू' करत तगून राहिला. ऑर्डर पुकारण्याचं कामही आता केओटी, म्हणजे ऑर्डरची छापील चिठ्ठी, करते.

लग्नाच्या हॉलमध्ये बुफेच्या टेबलांमागे गरम पाण्याचं जे लांबट स्टीलचं टेबल असतं, त्याला केटरर आणि भांडीवाले 'बेन मारी' म्हणतात. फ्रेंच उच्चार 'बँ मारी'. यातली मारी म्हणजे प्राचीन काळची यहुदी किमयागार मारिया, अलेक्झांड्रियाची मानली जाते ती. इ.स. ३००च्या सुमाराचा किमयागार झोसिमस तिचा आदराने उल्लेख करतो. भांडं थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्यात ठेवून मंद उष्णता द्यायची, ही युक्ती परंपरेने तिच्या नावावर आहे. किमयागारांकडून ती लॅटिनमध्ये, तिथून फ्रेंच स्वयंपाकघरात, पुढे इंग्रजी हॉटेलांत आणि तिथून आपल्या पनीर मखनीखाली आली. इतक्या तोंडांतून गेलेल्या शब्दाचा मूळ उच्चार कोणता म्हणायचा? फ्रेंचसुद्धा वाटेवरचंच एक स्टेशन आहे.

उच्चार आणि लेखन यांची एवढी फारकत कशी झाली, हेही पाहायला हवं. शब्दांच्या शेवटची बरीच व्यंजनं फ्रेंच जिभेने मध्ययुगापासून टाकायला सुरुवात केली; लेखनाने ती ठेवली. १६३५मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने पहिल्या शब्दकोशात जुन्या लेखनाचीच बाजू घेतली. १७४०च्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र हजारो शब्दांचं लेखन बदललं. न उच्चारला जाणारा 'स' कितीतरी शब्दांतून काढला आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी आधीच्या स्वरावर टोपी चढवली. क्रेप, गातो, पाते यांच्या लेखनात ही टोपी दिसते. एके काळी तिथे 'स' होता. 'पात' म्हणजे मळलेली कणीक आणि इंग्रजी 'पेस्ट' ही सख्खी भावंडं आहेत, ती यामुळेच.

आपण हा प्रश्न जास्त धाडसाने सोडवला. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मराठी पाकपुस्तक उघडलं तर 'तेलांत परतावें', 'पाण्यांत घालावें' असे बिंदूच बिंदू दिसतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. ('केलं'-'गेलं'वर आज जो बिंदू देतो तो नाकाचा नाही, अ लांबवण्याचा.) फ्रेंचांनी १९९०मध्ये अशीच थोडी साफसफाई सुचवली. त्यात कांद्यालाही हात लागला: 'ओन्यों' या शब्दातला एक निरुपयोगी 'आय' गाळायला परवानगी मिळाली. पंचवीस वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. २०१६मध्ये शालेय पुस्तकांत हे नवं लेखन येणार म्हटल्यावर देशभर गदारोळ उठला.

अशा भाषेत पुस्तकी नियम अर्धवट शिकला की घोटाळा होतोच. 'शेवटचं व्यंजन गिळायचं' हे एकदा कळलं की काही जण सगळीच व्यंजनं गिळतात. लुई दिया या फ्रेंच आचाऱ्याने १९१७मध्ये न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटनमध्ये लीक-बटाट्याच्या थंड सुपाला आपल्या मुलखातल्या व्हिशी गावावरून नाव दिलं: 'व्हिशीस्वाझ'. शेवटी 'ई' हे अक्षर असल्यामुळे तो 'झ' स्पष्ट बोलायचा असतो. पण जगभरचे चोखंदळ लोक तो टाकून 'व्हिशीस्वा' म्हणतात आणि आपण फार फ्रेंच बोललो असं समजतात. ठरावीक किमतीच्या जेवणाला 'प्री फी' म्हणणारेही त्यांतलेच. ते 'प्री फिक्स' आहे. न येणाऱ्याच्या चुकीपेक्षा ही जास्त शिकल्याची चूक मला अधिक केविलवाणी वाटते. ती भीतीतून येते. खुद्द फ्रान्समध्ये काय आहे? 'अननस' शब्दाचा शेवटचा 'स' काही जण बोलतात, काही गिळतात, दोन्ही चालतं. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांकडून पोर्तुगीजांमार्फत त्यांनाही मिळाला आणि आपल्यालाही. आपण 'स' सोडला नाही. मार्सेयकडे पावाला 'पँ'ऐवजी 'पँग'च्या जवळ जाणारं काही म्हणतात, आणि पॅरिसकर त्यांना हसतात.

हे हसू आपल्या ओळखीचं आहे. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्याला शहरी वर्गात जे हसू मिळतं, तेच पंचतारांकित हॉटेलात 'मायरपॉइक्स' म्हणणाऱ्याला मिळतं. न-ण चुकला म्हणून कोणाचं पाणी कमी थंड होत नाही. आणि 'वा'चा इतिहास पाहता, आज अशुद्ध ठरलेलं उद्याचं प्रमाण ठरणार नाही याची हमी कोणी देऊ नये.

मग शिकवायचं कसं? माझं म्हणणं असं की, मराठी मुलांना फ्रेंच उच्चार इंग्रजीच्या वाटेने शिकवणं थांबवावं. ती लांबची वाट आहे, आणि खड्ड्यांचीही. फ्रेंच 'त' आणि 'द' दातांवर येतात, आपल्यासारखेच. इंग्रजीमुळे आपण 'तार्त'चं 'टार्ट' आणि 'गातो'चं 'गॅटो' करून बसलो. शब्दारंभी प, त, क म्हणताना इंग्रज जी फुंकर मारतो ती फ्रेंच मारत नाही, आपणही मारत नाही. इंग्रज एका अक्षरावर आघात देऊन बाकीची चिरडतो. फ्रेंच आणि मराठी सगळ्यांना बऱ्यापैकी सारखं वागवतात. 'मीझ आँ प्लास'मधला 'झ' आपल्या 'माझा'तल्या 'झ'च्या फार जवळचा. 'झ्युलियेन'चा पहिला आवाज आपल्याकडे नाही, पण 'श' म्हणता म्हणता गळ्यातून घोष काढला की तो येतो. दोन स्वर खरोखर अवघड आहेत. एकासाठी जीभ 'ई'ची ठेवून ओठ 'ऊ'चे करायचे: 'प्युरे', 'मन्यु', 'झ्यु'. दुसऱ्यासाठी जीभ 'ए'ची, ओठ 'ओ'चे: लोण्याचा 'बर', अंड्याचा 'अफ'. हे दोन आणि घशातला 'र' देवनागरीत लिहून भागत नाही, ऐकावेच लागतात. त्यातही 'र' नाही जमला तरी काही अडत नाही. दक्षिण फ्रान्सच्या खेड्यांतली जुनी माणसं जिभेच्या टोकाचाच 'र' बोलत आली.

बाकी सगळं देवनागरीत नीट लिहिता येतं. केटरिंगच्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या हाती अशी देवनागरी उच्चारांची वही पहिल्या दिवशी पडायला हवी. कोकणातली आणि गोव्यातली मुलं आज क्रूझ जहाजांवर चाललीत, तिथे वेगवेगळ्या देशांचे लोक एका भटारखान्यात राबतात आणि हे शब्द त्यांची सामाईक बोली असतात. वहीत क्रम मात्र भटारखान्याचा असावा. गरम भांडं घेऊन मागून येणाऱ्याची हाळी, 'शो दव्हाँ', सर्वांत आधी. ती कळली नाही तर हात भाजतो. मग मळलेली 'पात' आणि मांसाचं 'पाते' यांतला फरक. एक अंडं मागवलं तर 'अफ', जास्त मागवली तर त्यातला 'फ' गायब होतो आणि नुसता स्वर उरतो, हे. मासा 'प्वासों' आणि विष 'प्वाझों', हे तर ठळक अक्षरांत. चीज आणि वाइनची नावं वाढपाच्या बाजूला जाणाऱ्यांनी सावकाश शिकावीत. व्हिशीस्वाझ आणि तिचा तो शेवटचा 'झ' दुसऱ्या सत्राला ठेवला तरी चालेल.